फोनलाही घर हवं!

दोस्तांनो, आज एक छोटासा होमवर्क. संध्याकाळी घरी गेलात की चार्जर मोजा. मोबाइल, टॅब, लॅपटॉप, इअरबड्स, घड्याळ... आणि हो, डास मारायची रॅकेट विसरू नका, तीही प्लगवरच जगते! एका हाताची बोटं पुरली तर तुम्ही संतच.

आपलं ठीक आहे हो. आपण ऑफिसात चार्ज करतो, बॅगेत पॉवर बँक घेऊन फिरतो. पण गावी दोघंच राहणाऱ्या आई-बाबांचं काय? माझे आई-बाबा साताऱ्याला, मी पुण्यात. रात्री फोन लावावा तर आईचा स्विच ऑफ, बाबांचाही स्विच ऑफ. कारण काय, तर वायर सापडली नाही! ऐकायला गंमत वाटते. पण बाबांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून तो रेकॉर्डेड आवाज ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. शेजारच्या काकूंना रात्री दहाला किती वेळा दार वाजवायला सांगणार?

म्हणून यंदा त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला साडी-शर्ट कॅन्सल. गिफ्ट म्हणून लाकडी चार्जिंग स्टेशन, तेही स्वतः बनवलेलं!

फंडा सोपा आहे. दीड फूट लांब, आठ इंच खोल, सहा इंच उंच अशी पेटी. 12 मिलिमीटरचं पाइन किंवा प्लायवूड चालतं. पुण्यात असाल तर लाकडासाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, इलेक्ट्रिकच्या सामानासाठी तपकीर गल्ली. रविवारचे दोन हात मारले की काम फत्ते. झाकण जरा तिरपं ठेवा आणि समोर पट्टी ठोका, म्हणजे फोन उभा राहतो, घसरत नाही. वर तीन खण. पेटीच्या आत आयएसआय मार्कचा एक्स्टेन्शन बोर्ड, त्याचं बटण बाहेरून हाताला लागेल असं.

वायरची भोकं चांगली इंचभराची पाडा. 2023 मध्ये आयफोन 15 यूएसबी-सीवर आला आणि 28 डिसेंबर 2024 पासून युरोपीय संघात नव्या मोबाइल-टॅबना तेच सक्तीचं झालं, हे खरं. पण बाबांचा बटणांचा फोन अजून मायक्रो-यूएसबीच मागतो! भोकांच्या कडा कानशीनं गोल करा, नाहीतर वायरचं आवरण घासून निघतं. मग आधी 120 नंबरचा, नंतर 220 चा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. पॉलिशचे दोन हात पूर्ण वाळल्याशिवाय आत वीज नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेटीची पाठ उघडी ठेवा. अॅडॉप्टर तापतो आणि ती गरम हवा बाहेर जायलाच हवी. लिथियम-आयन बॅटरीलाही उष्णता सोसत नाही, तिचं आयुष्य घटतं. म्हणून उन्हाची खिडकी नको. लोडचं टेन्शन मात्र घेऊ नका. 230 व्होल्टवर 6 अँपिअरचं सॉकेट म्हणजे 1380 वॉट. 65 वॉटचा मल्टिपोर्ट अॅडॉप्टर आणि वर ती रॅकेट, हा सगळा कारभार शंभर वॉटच्या आतला. फक्त त्याच बोर्डावर इस्त्री लावायची नाही, हे आईला प्रेमानं सांगून ठेवा.

जागा कुठली? देवघराशेजारी अजिबात नको, निरांजन आणि वायरचं जमत नाही. टीव्हीजवळ ठेवा. संध्याकाळच्या मालिका सुरू झाल्या की फोन खणात, झोपायच्या आधी फुल चार्ज होऊन उशाशी. नवी सवय लावायची तर ती जुन्या सवयीला बांधलेली बरी!

आणि देताना 'तुमचे फोन बंद असतात म्हणून' असलं काही बोलू नका. पंचवीस वर्षं घर चालवलेल्या माणसाला पहारा आवडत नाही. 'मी स्वतः केलंय' एवढंच पुरे. बाबा पेटी उलटीसुलटी करून सांधे बघतील, दोन चुका काढतील आणि मग ती जिवापाड सांभाळतील.

शेवटची टिप. पहिला खण आईचा, दुसरा बाबांचा. तिसरा रॅकेटला देऊन टाकू नका, ती बाजूला लटकवा. तो खण तुमचा आहे. महिन्यातून एकदा तरी तो भरला पाहिजे.