बंदूक, चरखा आणि कारागिरांचा गोतावळा

वर्धा जिल्ह्यातला माणूस बंदुकीविषयी आपुलकीने बोलू लागला की ऐकणाऱ्याच्या कपाळावर हमखास आठी उमटते. साहजिकच आहे. सेवाग्रामची बापूकुटी इथली, पवनारचा विनोबांचा आश्रम इथला. शाळेच्या सहलीपासून पाहुण्यांच्या सरबराईपर्यंत आमची ओळख याच दोन ठिकाणांनी होते. पण याच जिल्ह्यात पुलगाव आहे आणि तिथे देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. दारूबंदीच्या जिल्ह्यात दारूगोळ्याचे कोठार, हा विनोद आम्ही वर्धेकर वर्षानुवर्षे एकमेकांना ऐकवत आलो. ३१ मे २०१६ च्या पहाटे त्या भांडारात आग लागली, दोन अधिकाऱ्यांसह पंधराहून अधिक माणसे गेली, आणि तेव्हापासून हा विनोद करताना जीभ अडखळते.

सांगायचा मुद्दा असा, की अहिंसेचा आश्रम आणि शस्त्रांचे कोठार एकाच जिल्ह्यात नांदत असताना ‘बंदूक म्हणजे आपला विषय नव्हे’ असे म्हणून भागत नाही. ती आपल्या बँकेच्या दारात असते, आपल्या वावराच्या धुऱ्यावर असते, शेजाऱ्याच्या घरात आजोबांच्या फोटोखाली खुंटीला टांगलेली असते. आणि बंदुकीवर जीव लावणाऱ्या माणसांचा एक गोतावळा असतो. जगभर पसरलेला. त्या गोतावळ्याविषयी आज मला चार शब्द लिहायचे आहेत.

मी आयुष्याची सदतीस वर्षे बँकेत काढली. कथा-कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री आणि रविवारी. बँकेच्या शाखेत रोकड असते तशी बंदूकही असते, हे ग्राहकाला दिसते. पण त्या बंदुकीची नोंदवही असते, काडतुसांची मोजदाद होते, परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख चुकली तर अधिकाऱ्याची झोप उडते, हे त्याला ठाऊक नसते. आमच्या काळात बहुतेक शाखांत बारा बोअरची दुनळी असे आणि ती सांभाळायला सैन्यातून निवृत्त झालेला पहारेकरी.

आर्वीकडच्या एका शाखेत असताना तिथल्या पहारेकऱ्याला आम्ही सारे ‘फौजी’ म्हणत असू. त्याच्या ताब्यातली दुनळी बरीच जुनी, विलायती बनावटीची होती. दर शनिवारी दुपारी बँक बंद झाली की तो ती उघडून, नळ्या रिकाम्या आहेत हे आधी मला दाखवून, मगच पुसायला बसे. “साहेब, आधी तुम्ही बघा, मग मी बघतो,” हे त्याचे ठरलेले वाक्य. एकदा बंदूक मिटल्यावर सांध्यात केसभर फट दिसते आहे असे त्याच्या ध्यानात आले. मला ती फट दिसलीसुद्धा नाही. पण त्याने हट्ट धरला. नागपुरातल्या एका जुन्या शस्त्रविक्रेत्याकडून इंग्लंडातल्या एका वृद्ध कारागिराचा पत्ता मिळाला. फौजीने मराठीत सांगितले, मी इंग्रजीत उतरवले आणि बर्मिंगहॅमला पत्र धाडले. १९८९ च्या आसपासची ही गोष्ट.

पाच-सहा आठवड्यांनी उत्तर आले. दोन पाने, स्वच्छ टपोऱ्या अक्षरात, सोबत पेन्सिलीने काढलेली आकृती. त्या गृहस्थाने उपाय सांगितलाच नव्हता. त्याने आधी तीन प्रश्न विचारले होते: नळीवर कोणते शिक्के आहेत, बंदूक शेवटची कधी तपासली, आणि फट कोणाच्या ध्यानात आली? पुढे लिहिले होते, की ही बंदूक परवानाधारक कारागिराने हातात घेऊन तपासेपर्यंत एकही बार काढू नका. आणि शेवटी, ज्याच्या नजरेला ही फट दिसली त्या माणसाला माझा नमस्कार सांगा. मी ते भाषांतर करून वाचून दाखवले तेव्हा फौजी उठून उभा राहिला. ज्याला त्याने कधी पाहिले नाही, ज्याची भाषा त्याला येत नाही, त्या माणसाने त्याला बरोबरीचा मानले होते. बंदूक रीतसर नागपूरला गेली आणि फौजीची शंका खरी निघाली. ती तशीच वापरात राहती तर कधीतरी त्याच्याच गालाशी फुटली असती.

त्या दिवसापासून मी या गोतावळ्याकडे कुतूहलाने पाहू लागलो. या मंडळींची एक स्वतंत्र भाषा आहे. बारा बोअर म्हणजे काय? त्या नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून ती बारा बोअर. आपण शेर, मण, पौंड सोडून किलोवर आलो, त्यालाही कित्येक दशके लोटली. पण बंदुकीच्या दुनियेत तो जुना पौंड अजून जिवंत आहे. बंगालमधल्या ईशापूरचा कामगार, बिहारमधल्या मुंगेरचा पिढीजात कारागीर आणि बेल्जियममधल्या लिएजचा उस्ताद यांना तो सारखाच कळतो.

दुसरी खूण शिक्क्यांची. विकण्याआधी नळीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढून ती टिकते का हे पाहायचे आणि टिकली तरच तिच्यावर शिक्का मारायचा, ही युरोपातली जुनी रीत. बर्मिंगहॅमचे चाचणीघर १८१३ सालचे आहे. पुढे प्रश्न आला, की एका देशाचा शिक्का दुसऱ्याने का मानावा? तेव्हा काही देशांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय मंडळ उभारले आणि परस्परांचे शिक्के मान्य करण्याचा मार्ग मोकळा केला. साल कोणते? १९१४! ज्या वर्षी युरोपातली राष्ट्रे एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली, त्याच वर्षी त्या बंदुकांचे जाणकार ‘तुमच्या कारागिराच्या सहीवर आमचा विश्वास आहे’ असे एकमेकांना सांगत होते. राज्यकर्त्यांचे शहाणपण आणि कारागिरांचे शहाणपण यांत किती अंतर असते, हे यावरून कळावे.

आता कोणी म्हणेल, गांधींच्या जिल्ह्यात बसून हे गोडवे कशाला? मी म्हणेन, असा गोतावळा आमच्या जिल्ह्याने आधीच पाहिला आहे. फक्त तिथे मध्ये बंदूक नव्हती, चरखा होता. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी काय होत्या? किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, खेड्यातल्या झोपडीत हातापायाने चालला पाहिजे, नीट वापरला तर वीस वर्षे टिकला पाहिजे. पुढे गांधीजी सेवाग्रामला आले, वर्ध्यात मगन संग्रहालय उभे राहिले, आणि चाती, माळ, तकली यांवर डोके चालवणाऱ्या माणसांचा इथे राबता सुरू झाला. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडमध्ये जन्मलेला अभियंता. तो गांधीजींच्या सहवासात आला, भारतानंद झाला आणि त्याने धनुष तकली घडवली. पोलंडचा माणूस आणि विदर्भातला कातणारा यांच्यात भाषा कोणती? सूत का तुटते, या एका प्रश्नाची! यंत्रावर मनापासून प्रेम करणारी माणसे अशीच एकत्र येतात. देश, धर्म, जात हे प्रश्न त्यांना नंतर सुचतात.

पण इथे थांबलो तर ती लबाडी होईल. चरख्याने कोणाचा जीव घेतला नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर ज्यातून तीन गोळ्या सुटल्या ते बेरेटा पिस्तूल इटलीत बनलेले होते. तेही सरहद्दी ओलांडूनच दिल्लीला पोहोचले. म्हणजे बंदुका देशोदेशी फिरायला मैत्री लागतेच असे नाही. चोरी, युद्ध आणि पैसा पुरतो. शिवाय हौशी मंडळींच्या मैत्रीलाही कीड लागते. अमेरिकेत बंदूकप्रेमींच्या संघटनांचे राजकारण कुठवर गेले आणि शाळांतून कोवळी पोरे कशी मारली गेली, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचत आलो आहोत. आपल्याकडे वरातीत हवेत बार काढणारे महाभाग आहेतच. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेफिकीर गोळीबाराला कायद्याने तुरुंगाची शिक्षा ठेवावी लागली. बंदुकीचा रुबाब मिरवणारा आणि बंदुकीची काळजी घेणारा, या दोन वेगळ्या जाती आहेत. माझी आपुलकी दुसरीविषयी आहे.

गांधीजींनी स्वतः या प्रश्नाकडे पाठ फिरवली नव्हती, हे अनेकांना ठाऊक नसते. मिठाच्या सत्याग्रहाआधी, जानेवारी १९३० मध्ये, त्यांनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर रद्द करा ही त्यांतली एक. आणखी एक अशी होती, की आत्मसंरक्षणासाठी शस्त्रांचे परवाने द्यावेत, मात्र ते लोकांच्या नियंत्रणाखाली. ‘लोकांच्या नियंत्रणाखाली’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. शस्त्र कोणाकडे आहे, कसे आहे, ते कोण तपासते, हे गावाला ठाऊक असले पाहिजे, असा त्याचा मी अर्थ घेतो.

आज ते ठाऊक आहे का? जरा आपल्याच जिल्ह्यात फिरून पाहा. रानडुकरे आणि रोही यांनी कपाशी-तुरीचे वावर रात्रीतून आडवे केले म्हणजे शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. जागलीला बसून बसून माणसे थकली. रोही आणि डुकरे वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येतात. परवानगीवाचून त्यांना मारता येत नाही, आणि परवानगीचा कागद हातात पडेपर्यंत पीक हातचे जाते. मग कोणी कुंपणात वीज सोडतो. त्यात डुक्कर मरते, कधी वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस मरतो. कोणी आजोबांच्या वेळची परवान्याची बंदूक बाहेर काढतो. ती दहा-वीस वर्षे तपासलेली नसते, नळीला आतून गंज असतो, काडतुसे ओल लागलेली असतात. ती सुधारून द्यायला जवळपास कोणी नसते, कारण १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो. तो लागलाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण माझ्या नोकरीच्या काळात ज्या परवानाधारक कारागिरांकडे आम्ही बंदुका पाठवत असू, त्यांच्यापैकी बहुतेकांची मुले दुसऱ्या धंद्याला लागली. उस्ताद गेला की त्याची नजरही गेली. मग बंदूक जाते चोरट्या हाताकडे, नाहीतर तशीच वापरली जाते.

शस्त्र जुने झाले की ते कोणावर उलटेल याचा नेम नसतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुलगावजवळ सोनेगाव शिवारात जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा माणसे मेली. त्यांत आसपासच्या खेड्यांतले मजूर होते. त्यांना बंदुकीची हौस नव्हती. पोटाची गरज होती.

उलट हीच विद्या उघड्यावर, शिस्तीत दिली की काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली. हंगेरीच्या लास्लो सुचाक यांनी आपल्या रायफल संघाला शिकवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्यामागे दीपाली देशपांडे या स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या मराठी बाई गुरू म्हणून उभ्या होत्या. त्या स्पर्धेत रौप्यपदक युक्रेनच्या सर्ही कुलिशला मिळाले. त्याच्या देशावर त्या दिवशीही तोफा डागल्या जात होत्या. आणि इथे चिनी, युक्रेनी आणि मराठी असे तीन तरुण, एकाच शिस्तीने रायफली रिकाम्या करून, शेजारी शेजारी उभे होते.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. बाजार समितीत दरवर्षी वजनकाटे तपासून त्यांवर शिक्का मारतात. कमी मापाने दोन पैशांचे नुकसान होते म्हणून एवढी काळजी! मग परवान्याच्या प्रत्येक बंदुकीची तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी का होऊ नये? निवडणुकीच्या वेळी परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करून घेतातच. त्या निमित्ताने नळीत एकदा डोकावले तर काय बिघडेल? सैन्यातून निवृत्त झालेले आर्मरर आपल्या गावोगावी पेन्शन घेत बसले आहेत. त्यांना रीतसर परवाना द्या, हाताखाली दोन पोरे द्या. एखाद्या महाविद्यालयात छऱ्याच्या रायफलीची साधी रेंज उभारा. तिथे मुलगा पहिली गोष्ट शिकेल ती नेम धरण्याची नव्हे, तर प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे मानण्याची. आणि जो शेतकरी रात्रभर जागतो त्याच्या अर्जाचा निकाल पीक उभे असताना लागू द्या, म्हणजे त्याला वीज सोडावी लागणार नाही.

बंदूक जगातून नाहीशी व्हावी, असे मलाही वाटते. सेवाग्रामच्या वाटेवरून सकाळी फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्याला दुसरे काय वाटणार? पण ती जोवर आपल्यात आहे, तोवर ती कोणाच्या हाती आहे याला महत्त्व आहे. ज्याला केसभर फट दिसते आणि ती दिसल्यावर जो बार काढायचे थांबतो, अशा माणसाच्या हाती ती असावी. अशी माणसे सगळ्या देशांत आहेत आणि ती एकमेकांना पत्राच्या दोन ओळींतून ओळखतात. त्यांची वीण तुटू देऊ नये, एवढेच माझे सांगणे.