नळी वीतभर, मिजास गावभर

सेमी-ऑटोमॅटिक रायफलीला सोळा इंची नळी बरी की वीस इंची, यावर आमच्या नेकनूरची पोरं चहाच्या टपरीवर तासन्‌तास हुज्जत घालतात. हातात मोबाइल, मोबाइलवर परदेशी व्हिडिओ. त्यांना कुणीतरी तोंडावर सांगायला हवं, म्हणून मी सांगतो. बाळांनो, असली रायफल आपल्याकडे प्रतिबंधित शस्त्रांत मोडते. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ती तुमच्याजवळ सापडली, तर कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त चौदा वर्षं तुरुंगात जातील. इंचांचा वाद तिथंच संपतो.

पण नळीच्या लांबीचा प्रश्न खोटा नाही. बीड जिल्ह्यात तो माणसांच्या जिवाशी येऊन भिडला आहे.

1959 च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम काढून वाचा. नागरिकाला संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हत्यार हवं असेल, तर कायदा आधी एकच बंदूक पुढे करतो: आट्यांविना गुळगुळीत नळीची, आणि ती नळी वीस इंचांपेक्षा कमी नको. म्हणजे साधी बारा बोअर. पिकाच्या राखणीला ठासणीची. याहून वेगळं काही, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागायचं असेल, तर त्यामागे योग्य कारण आहे अशी परवाना देणाऱ्याची खात्री पटली पाहिजे. हे शब्द कायद्यातच आहेत. सहावं कलम त्याहून कडक. परवान्याशिवाय बंदुकीची नळी कापून आखूड केली, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. आखूड नळीची कायद्याला केवढी धास्ती आहे, ते यावरून कळावं.

ही धास्ती बरोबर आहे. वीस इंची नळी, तिला मागं कुंदा, असं धूड शर्टाखाली लपत नाही. शेतातल्या आखाड्यावर, एकट्या वस्तीवर ते राखणीला पुरून उरतं. पण ते खांद्यावर टाकून निघालात तर अख्खा गाव बघतो आणि विचारतो, कुठं निघालात? ग्रामसभेत कमरेला खोचून बसता येत नाही. जमिनीच्या व्यवहारात टेबलावर हळूच ठेवता येत नाही. बंदुकांच्या बाबतीत एवढा सैल देश अमेरिका, पण त्यांनीही 1934 सालीच आखूड नळीच्या बंदुकांना वेगळ्या नोंदणीत जखडलं. आज तिथं ती मर्यादा रायफलीला सोळा इंच आणि शॉटगनला अठरा. टपरीवरचे सोळा इंच तिथूनच आलेत, पोरांना एवढंही ठाऊक नाही.

आणि नेमाचं काय? पिस्तुलाची मागची खाच आणि पुढची खूण यांत जेमतेम दहा सेंटिमीटर अंतर धरा. थरथरत्या हातानं खूण एक मिलिमीटर सरकली, की दहा मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते. तेच अंतर पन्नास सेंटिमीटर असेल तर चूक दोन सेंटिमीटर. शिवाय लांब नळीला खांद्याचा आधार असतो, पिस्तुलाला मनगटाचा. पिस्तूल नीट चालवायला रोजचा सराव लागतो. आमच्याकडे कमरेला पिस्तूल लावणाऱ्यांपैकी किती जण सराव करतात? मी तरी एकही पाहिला नाही. मी पाहतो ते लग्नात. अक्षता टाकायला हात वर गेला की शर्ट वर सरकतो आणि चामड्याच्या म्यानातून काळी मूठ दिसते. तो शर्ट सरकू दिलेला असतो. शेजारच्या बायका लेकरांना जवळ ओढतात, आणि यजमान त्याच माणसाला पहिल्या रांगेतली खुर्ची देतो. 2016 च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक जागी शस्त्र मिरवायला बंदी आहे. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे त्या कमरेला कुणी सांगायचं?

आमच्या नेकनूरवरून जो रस्ता केजकडे जातो, त्याच रस्त्यावर पुढं मस्साजोग आहे. 9 डिसेंबर 2024 रोजी तिथले सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांना हालहाल करून मारलं. त्यांना गोळी घातली नव्हती. पण त्या खुनानंतर महाराष्ट्राला कळलं की दुष्काळ आणि ऊसतोडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने वाटलेले आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये परळीत मरळवाडीचे सरपंच बापू आंधळे गोळीबारात मारले गेले होते, तेव्हाच ही मोजदाद व्हायला हवी होती. गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने निघाले. मग धावपळ झाली आणि शंभरावर परवाने रद्द झाले. चांगलं झालं. पण ते देताना पोलिसांचा अहवाल कुणी लिहिला, शिफारस कुणी केली, सही कुणी केली?

‘जिवाला धोका आहे’ हे उत्तर मला देऊ नका. धोका इथं कुणाला नाही? ऊसतोडीला गेलेल्या घरात मागं राहिलेल्या म्हातारीला आहे. रात्री पाण्याची पाळी धरणाऱ्या, रानडुकरांच्या वाटेवर उभ्या शेतकऱ्याला आहे. त्यांनी पिस्तूल मागितलेलं नाही. मागतो तो ठेकेदार, वाळूवाला, पुढाऱ्याच्या गाडीत मागं बसणारा. त्याला स्वतःचं रक्षण नको असतं, समोरच्याची मान खाली हवी असते, आणि त्यासाठी वीतभर नळी पुरते.

म्हणून जिल्हाधिकारी साहेबांना माझी मागणी सरळ आहे. ज्याला खरोखर राखण करायची आहे त्याला वीस इंची बंदूक द्या, आणि ती कशी धरायची याचं शिक्षण दिल्यावरच द्या. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या प्रत्येक फायलीत ‘योग्य कारण’ लिहिलेलं असलंच पाहिजे. नावं झाका हवं तर, पण ती कारणं एकेक करून जाहीर करा. ज्या फायलीत कारण सापडणार नाही, तिचा परवाना त्याच दिवशी रद्द करा आणि हत्यार जमा करून घ्या.