नवा लॅपटॉप पाच वर्षांचा, हिशेब आठ वर्षांचा: जालन्यातल्या व्यापाऱ्याने आत्ता काय घ्यावं आणि कसं बसवावं

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी मामांचा फोन आला. भोकरदन तालुक्यात त्यांचं सळई-सिमेंटचं दुकान आहे. "अरे, लॅपटॉप दुरुस्त होऊन आलाय, पण चालू केला की नंबर मागतोय. अठ्ठेचाळीस आकडी. कुठून आणू?"

मी स्क्रीनचा फोटो मागवला आणि पोटात गोळा आला. निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची रिकव्हरी की मागितली होती. वॉरंटीत मदरबोर्ड बदलला गेला होता. विंडोजच्या दृष्टीने हा आता दुसराच लॅपटॉप होता, म्हणून त्याने डिस्कचं कुलूप उघडायला नकार दिला. की असते मायक्रोसॉफ्ट खात्यात. पण वर्षभरापूर्वी लॅपटॉप घेतला तेव्हा विकणाऱ्याच्या पोराने तिथल्या तिथे एक नवा जीमेल काढून तो सुरू करून दिला होता. तो जीमेल कुणालाच आठवत नव्हता. ओटीपी त्या पोराच्या मोबाइलवर गेलेला, आणि पोरगं नोकरी सोडून गेलेलं. टॅलीचा शेवटचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता, आठ महिन्यांपूर्वीचा.

खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या २बी मधून मिळाली. नोंदणीकृत ठेकेदारांना केलेली विक्री जीएसटीआर-१ मधून निघाली. पण गावोगावच्या घर बांधणाऱ्यांना दिलेला माल? बिनजीएसटी ग्राहकांची किरकोळ विक्री रिटर्नमध्ये एकत्र आकड्याने जाते, नावानिशी नाही. म्हणजे कुणाकडे किती उधारी, हे सरकारला माहीत नव्हतं आणि आता मामांनाही नव्हतं. त्यांनी कच्च्या पावत्या आणि आठवणीवरून खतावणी पुन्हा लिहिली. काही लोकांनी स्वतःहून आकडा सांगितला, काहींनी नाही.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की सध्या मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, "धंद्यासाठी कोणता लॅपटॉप घेऊ?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा. कोणता घ्यावा यापेक्षा घेतल्यावर पहिल्या दिवशी काय करावं, यावर तुमचं जास्त पैसे-पाणी अवलंबून आहे.

सगळ्यांना आत्ताच लॅपटॉप का हवाय?

पहिलं कारण विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार थांबवला. लॅपटॉप बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद होतं. घरगुती वापरासाठी मुदतवाढीची योजना आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप इथेच बाद होतात. नवा घेण्याआधी मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत ॲप चालवून बघा. कदाचित तुमचा जुना अजून चालेल.

दुसरं कारण रॅमचे भाव. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी चिप लागतात आणि कारखाने जास्त नफ्याच्या त्या मालाकडे वळलेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे "आत्ता ८ जीबी घेऊ, पुढे स्वस्तात वाढवू" हा जुना हिशेब सध्या उलटा बसतोय.

तिसरी गोष्ट म्हणजे एक गैरसमज. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं. तेव्हापासून लोक विचारतात, लॅपटॉप का उतरला नाही? कारण तो आधीपासूनच १८ टक्क्यांत होता. तुमची खरी सूट बिलात आहे. ६०,००० च्या लॅपटॉपवर १०,८०० जीएसटी लागतो. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक असेल आणि तुम्ही नियमित करदाते असाल, तर तो इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतो. कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही. शिवाय आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा आहे. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्याच्या निम्मा. मुलाच्या नावावर ऑनलाइन सेलमध्ये घेतलेला लॅपटॉप म्हणूनच अनेकदा महाग पडतो.

घेताना काय बघायचं?

प्रोसेसरवर सगळ्यात जास्त चर्चा होते आणि तिथेच सगळ्यात कमी फरक पडतो. टॅली, एक्सेल, ई-वे बिल, व्हॉट्सॲप वेब यासाठी गेल्या दोन-तीन वर्षांतला मधल्या फळीचा कोणताही इंटेल किंवा एएमडी पुरतो. 'एआय पीसी'च्या स्टिकरसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. सळईचं बिल त्याने लवकर निघत नाही.

रॅम १६ जीबी घ्या. टॅलीला एवढी लागत नाही, हे खरं. पण जीएसटी पोर्टल, बँक, मेल असे पंधरा टॅब आणि सोबत २बी जुळवणीची एक्सेल उघडली की ८ जीबीचा लॅपटॉप धापा टाकतो. विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: रॅम बोर्डावर चिकटवलेली आहे की खाचेत बसणारी? पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा चिकटवलेली असते, म्हणजे पुढे वाढवता येत नाही. जुन्या लॅपटॉपची डीडीआर४ रॅम नव्याच्या डीडीआर५ खाचेत बसत नाही, तोही विचार डोक्यातून काढा. एसएसडी ५१२ जीबी पुरे.

आता पोर्ट. दिसायला क्षुल्लक, पण जालन्यात यावरच जास्त लोक अडकतात. डिजिटल सहीचा टोकन साध्या चौकोनी यूएसबीत बसतो. नुसते टाइप-सी पोर्ट असलेला लॅपटॉप घेतला की कनेक्टर शोधत फिरावं लागतं. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये किंवा जिनिंगमध्ये वजनकाटा जोडायचा असेल, तर तो अनेक ठिकाणी अजून जुन्या सिरियल पोर्टवर चालतो. त्याला यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लागतो आणि काट्याचं सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालेल का, हे काटेवाल्याकडून आधी लिहून घ्या. चालत नसेल तर तो जुना संगणक काट्यापुरताच ठेवा आणि त्याचं इंटरनेट काढून टाका. बिलाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर त्याचंही तेच.

याच कारणाने धंद्यासाठी स्नॅपड्रॅगनचे, म्हणजे एआरएम प्रोसेसरचे लॅपटॉप मी सध्या सुचवत नाही. बॅटरी उत्तम असते, पण जुन्या प्रिंटरचे आणि टोकनचे नेहमीचे ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत. एआरएमसाठी वेगळे असतील तरच चालतात.

शेवटचं, वॉरंटी. थिंकपॅड, प्रोबुक, डेल प्रो (पूर्वीचं लॅटिट्यूड) अशा व्यावसायिक मालिका थोड्या महाग असतात, पण त्यांना ऑनसाइट सेवेची वॉरंटी सहज जोडता येते. "ऑनसाइट" शब्द वाचून थांबू नका. तुमच्या पिनकोडवर माणूस येतो का, ते बिल करण्याआधी विचारा. मंठा-परतूरहून लॅपटॉप छत्रपती संभाजीनगरला न्यायचा-आणायचा म्हणजे दुकानाचे दोन दिवस गेले.

जुना कॉर्पोरेट लॅपटॉप घ्यायलाही हरकत नाही. पक्कं बिल, आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर आणि बॅटरीची अवस्था बघून घ्या. पाचशे रुपयांत "ओरिजिनल विंडोज" टाकून देतो म्हणणाऱ्याला मात्र नमस्कार करा. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत काय येतं, हे ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं.

पहिला दिवस: दुकान बंद ठेवा, पण हे करा

१. मायक्रोसॉफ्ट खातं दुकानाच्या नावाच्या मेलवर उघडा, मालकाच्या मोबाइल नंबरवर. विक्रेत्याला "सुरू करून दे" म्हणू नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर, होम आवृत्तीतसुद्धा, असं खातं जोडलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. हे चांगलंच आहे, लॅपटॉप चोरीला गेला तरी हिशेब चोराला दिसत नाही. पण त्याच दिवशी खात्यात जाऊन रिकव्हरी की उघडा, छापा आणि तिजोरीत सोन्याच्या पावत्यांशेजारी ठेवा. मामांचा सगळा प्रश्न या एका कागदाचा होता.

२. दोन वापरकर्ते करा. मालकाचं ॲडमिन खातं आणि मुनीमजींचं साधं खातं. रोजचं काम साध्या खात्यातून. चुकून काही डाउनलोड झालं तर अनेकदा ते ॲडमिनचा पासवर्ड मागतं आणि तिथेच थांबतं.

३. बॅकअप तीन ठिकाणी. लॅपटॉपवर एक, बाहेरच्या हार्डडिस्कवर एक, क्लाउडवर एक. हार्डडिस्क काम झालं की काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करतं. आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली गड्डी.

४. एनीडेस्कसारखी दुरून चालवायची ॲप्स काम झाल्यावर बंद करा. टॅलीवाल्याला दर वेळी नवी परवानगी द्या, कायमचा पासवर्ड देऊ नका.

५. जुन्या फाँटमधली पत्रं, दरपत्रकं आत्ताच युनिकोडमध्ये करून घ्या. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाइल तो फाँट नसलेल्या लॅपटॉपवर नुसती गिचमिड दिसते. विंडोज ११ मध्ये मराठी कीबोर्ड मोफत आहे.

पासवर्ड वाटणं: अंबड-घनसावंगीचा धडा

सहावी गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती आपल्याच जिल्ह्यात घडली. २०२५ मध्ये अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या अतिवृष्टी अनुदानाच्या वाटपातला घोटाळा उघड झाला. रक्कम कोट्यवधींची, कर्मचाऱ्यांची निलंबनं झाली, गुन्हाही दाखल झाला. दोषी कोण ते न्यायालयात ठरेल. पण चौकशीतून जो मुख्य आरोप पुढे आला, तो लॉगिन आयडी आणि पासवर्डच्या गैरवापराचा होता. यात कुठला परदेशी हॅकर नव्हता. लॉगिन एकाचं आणि बटण दाबणारा दुसरा, एवढं पुरतं.

आता आपल्या दुकानात बघा. जीएसटीचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला, डिजिटल सहीचा पिन टोकनवरच पट्टी लावून लिहिलेला, आणि टोकन वर्षभर सीएच्या ऑफिसात. विश्वासावर धंदा चालतो, मान्य. पण तुमच्या सहीने जे जाईल त्याला जबाबदार तुम्हीच. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर सगळ्यांना पासवर्डसोबत ओटीपी सक्तीचा झालाय. त्यावर आपण उपाय काय काढला? मुनीमजी फोन करतात आणि मालक गल्ल्यावरून ओटीपी वाचून दाखवतात! ई-वे बिल पोर्टलवर उप-वापरकर्ता करायची सोय आहे. मुनीमजींना त्यांचं लॉगिन द्या. कुणी काय केलं याची नोंद राहते, आणि उद्या काही झालं तर प्रामाणिक माणसावर उगीच संशय येत नाही. हा त्यांचाही बचाव आहे.

मग शेवटी हिशेब कसा मांडायचा?

धंद्याचा लॅपटॉप साधारण पाच वर्षं टिकतो. जीएसटी कायद्याने हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. कंपनी असेल तर कंपनी कायद्याने आठ आर्थिक वर्षं, आणि १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग असलेल्याच सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे आज घेतलेला लॅपटॉप भंगारात गेल्यावरही त्यातला हिशेब तुम्हाला दाखवता आला पाहिजे.

म्हणून बजेट ६०,००० असेल तर ५५,००० चा लॅपटॉप घ्या आणि उरलेल्यात बाहेरची हार्डडिस्क आणि एक बरा सर्ज प्रोटेक्टर घ्या. आपल्याकडचा व्होल्टेज तुम्हाला माहीतच आहे. आणि ऑनलाइन पैशाची फसवणूक झालीच तर लाजू नका, वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

मामांनी आता नवा लॅपटॉप घेतलाय. परवा गेलो तर म्हणाले, "की तिजोरीत आहे. बॅकअप दर शनिवारी." मी म्हटलं, "मामा, उघडून बघितला का?" ते हसले आणि हार्डडिस्क काढली. दहा मिनिटं लागली. उधारीची यादी उघडली, सगळी नावं होती.