दुसरे मत, पण कशाच्या आधारावर?

हृदयाच्या धमन्यांत अडथळे आहेत, अँजिओप्लास्टी अथवा बायपास करावी लागेल, असे एका डॉक्टरांनी सांगितल्यावर दुसऱ्या हृद्रोगतज्ज्ञाचा सल्ला घेण्याची प्रथा मध्यमवर्गीय कुटुंबांतून आता रूढ झाली आहे. ही प्रथा स्वागतार्हच आहे. परंतु हा सल्ला ज्या कागदपत्रांच्या आधारे द्यावयाचा, त्यांची अवस्था पाहिली म्हणजे दुसरे मत पुष्कळदा मत न राहता केवळ अंदाज का ठरतो, याचा उलगडा होतो. लातूर-नांदेडकडचा रुग्ण रात्रभर प्रवास करून पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाकडे पोहोचतो. त्याच्या पिशवीत औषधांची बिले असतात, रक्ततपासणीचे जुने कागद असतात आणि नेमकी अँजिओग्राफीची सीडी मात्र नसते. मग तपासण्यांचा तोच फेरा, तोच खर्च आणि प्रसंगी पुन्हा अँजिओग्राफी, म्हणजे पुन्हा क्ष-किरण आणि मूत्रपिंडावर ताण आणणारे तेच रंगद्रव्य!

वैद्यकीय सेवेचा बाजार अन्य बाजारांसारखा नसतो, हे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवून दिले होते. येथे आपल्याला काय हवे, हे ग्राहकाला ठाऊक नसते. ते बव्हंशी सेवा देणाराच ठरवतो. भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली आणि औषधलेपित स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली. किंमत अशी ठरवून देता येते. परंतु अमुक रुग्णाला स्टेंटची गरज आहे काय, हे राजपत्रातून ठरत नाही. त्याला जाणत्या आणि अलिप्त अशा दुसऱ्या दृष्टीचीच आवश्यकता असते.

ही शंका अनाठायी नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत ५,१७९ रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांचा विकार स्थिर आहे, अशा रुग्णांत आरंभीच अँजिओप्लास्टी वा बायपासचा मार्ग धरल्याने मृत्यूचे किंवा हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एकंदरीत घटले नाही. छातीतील वेदनेपासून आराम मात्र अधिक मिळाला. अर्थात यावरून प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक ठरवणे चुकीचे होईल. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण या चाचणीत नव्हते. आणि प्रत्यक्ष झटका आला असता तर दुसऱ्या मताची वाट पाहत बसणे म्हणजे हृदयाचा स्नायू गमावणे होय. दुसरे मत हे ज्याला विचार करण्यास अवधी आहे त्याच्यासाठी आहे.

हा अवधी सार्थकी लावावयाचा, तर दप्तर नीट हवे. अँजिओग्राफीच्या अहवालात ‘७० टक्के अडथळा’ असे लिहिलेले असते. पण तो आकडा बहुधा डोळ्यांनी केलेला अंदाज असतो आणि तेच चित्रण पाहून दोन तज्ज्ञांचे अंदाज वेगळे येऊ शकतात. म्हणून अहवालाबरोबर मूळ चित्रणच पाठवले पाहिजे. जुना ईसीजी टाकाऊ नसतो. आजच्या ईसीजीतील बदल नवा की जुना, हे त्याच्यावरूनच कळते. त्याचा कागद पुष्कळदा उष्णतेने छपाई होणारा असल्याने काही काळाने कोरा पडतो, यास्तव त्याची छायाप्रत वेळीच काढून ठेवावी. इको, ट्रेडमिल चाचणी, साखर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल हे सारे अहवाल तारखेच्या क्रमाने लावावेत. याखेरीज एका पानावर दुखणे केव्हा सुरू झाले, किती चालल्यावर छातीत दाटते, विश्रांतीने थांबते काय, प्रत्यक्षात कोणत्या गोळ्या किती मात्रेत घेतल्या जातात आणि कोणत्या परस्पर बंद केल्या, हे प्रामाणिकपणे लिहावे. तज्ज्ञाचा निम्मा वेळ त्याने वाचतो.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. ज्या घरात शिकलेला मुलगा किंवा सून आहे, तेथे हे दप्तर तयार होते. शेतमजुराच्या घरी ते कोणी तयार करावे? दुसरे मत हा हक्क म्हणून सर्वांचा असला, तरी व्यवहारात तो साक्षरांचा आणि सवड असणाऱ्यांचा विशेषाधिकार होऊन बसला आहे.

नियमांची उणीव नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी ३ वर्षे जपून ठेवावयाच्या असतात आणि मागणी केल्यावर त्या ७२ तासांत द्यावयाच्या असतात. परंतु ‘मागणी केल्यावर’ या दोन शब्दांतच सारी अडचण साठलेली आहे. मागावे लागते हेच अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांना ‘डॉक्टर रागावतील’ ही भीती असते. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे नोंदी हाताशी येतील, ही अपेक्षा रास्त आहे. तथापि रुग्णालयाने जे त्यात घातलेच नाही, ते तेथून मिळणार कसे?

यावरचा उपाय खर्चिक नाही. रुग्णाला घरी सोडतानाच, त्याने न मागता, चित्रणासह संपूर्ण नोंदींची प्रत त्याच्या हाती देणे रुग्णालयांना बंधनकारक करावे. तपासणीचे पैसे रुग्णाने मोजलेले असतात. तेव्हा तपासणीत जे दिसले ते त्याच्या स्वाधीन करणे हा उपकार नव्हे, व्यवहाराची पूर्तता होय. ज्या डॉक्टराचा निर्णय योग्य आहे, त्याला दुसऱ्याच्या नजरेचे भय असण्याचे कारण नाही. उलट दुसऱ्या तज्ज्ञाने तोच निर्णय उचलून धरला, तर रुग्ण अधिक निःशंक मनाने शस्त्रक्रियेस सामोरा जातो, आणि हा लाभ उभयतांचा आहे.