पेपरचा खर्च आता कोण भरतो?

"तिकडे अमेरिकेत पेपर बंद पडले म्हणे?" असं मुंबई-ठाण्याहून आणि इस्राएलहून आपली वडीलधारी मंडळी फोनवर विचारतात. पडले, हे खरं आहे. पण सगळे नाही पडले. जे उरले ते कोणाच्या पैशावर उरले, हे आपल्यासारख्या लहान समाजाने जरूर बघावं.

मी न्यू जर्सीत राहतो, म्हणून इथूनच सुरुवात करतो. नेवार्कचा 'स्टार-लेजर' म्हणजे या राज्यातला सर्वांत मोठा पेपर. २ फेब्रुवारी २०२५ला, रविवारी, त्याचा शेवटचा छापील अंक निघाला. आता बातम्या फक्त इंटरनेटवर. जर्सी सिटीचा 'जर्सी जर्नल' १८६७ पासून चालत होता आणि त्याच छापखान्यात छापला जायचा. छापखाना बंद व्हायची वेळ आली तसा तो एक दिवस आधी कायमचा मिटला. इंटरनेटवरसुद्धा राहिला नाही. गंमत म्हणजे सरकारी नोटिसा वर्तमानपत्रातच द्यायच्या असा इथे कायदा होता. आता पेपरच नाही म्हटल्यावर कायदा बदलायची पाळी आली!

मुळात पेपर आपल्या पैशावर कधीच चालत नव्हता. आपण देत होतो ती किंमत नावापुरती. खरा पैसा जाहिरातींचा: नोकरी, घर, जुनी गाडी, आणि आपण आपल्या वयात सर्वांत आधी उघडतो त्या मृत्यूच्या बातम्या, त्यासुद्धा पैसे भरूनच छापल्या जातात. १९९५ला सॅन फ्रान्सिस्कोत 'क्रेगलिस्ट' निघाली आणि छोट्या जाहिराती लोक तिथे फुकट देऊ लागले. मोठ्या जाहिराती पुढे गूगल आणि फेसबुकने नेल्या. २००५ साली अमेरिकेतल्या पेपरांना जाहिरातींचे वर्षाला सुमारे ४९ अब्ज डॉलर मिळत होते. २०२० पर्यंत ते १० अब्जांच्याही खाली आले. त्यात कोण टिकणार?

'न्यूयॉर्क टाइम्स' टिकला. मार्च २०११ मध्ये त्यांनी ठरवलं की महिन्याला २० लेख फुकट, पुढे वाचायचं तर पैसे भरा. बातमीला इंटरनेटवर पैसे कोण देईल, म्हणून पुष्कळ जण हसले. आज त्यांचे एक कोटीहून जास्त वर्गणीदार आहेत आणि त्यांतले बहुतेक कागदाला हात न लावता वाचतात. नुसत्या बातमीवर मात्र हे झालं नाही. शब्दकोडी आहेत, पाककृती आहेत. 'वर्डल' हा शब्दांचा खेळ तर त्यांनी २०२२ला विकतच घेतला. कोड्यासाठी आलेला माणूस बातमीचाही खर्च भरतो, असा हिशोब. पण हे जगभर नाव असलेल्या पेपरला जमतं. जर्सी सिटीच्या म्युनिसिपालिटीची बातमी वाचायला शिकागोचा माणूस कशाला पैसे देईल?

मग लहानांचं काय? इथे मला 'फॉरवर्ड'ची गोष्ट महत्त्वाची वाटते. १८९७ला न्यूयॉर्कमध्ये यिद्दिश भाषेत निघालेला हा यहूदी पेपर. पूर्व युरोपातून आलेले कामगार तो वाचत. एके काळी खप पावणेतीन लाखांच्या घरात गेला होता. १९०६ पासून त्यात वाचकांच्या पत्रांचं सदर होतं: नवरा सोडून गेला, मुलगा ऐकत नाही, शब्बाथला कारखान्यात जावं की नाही. संपादक उत्तर देत. पुढे मुलं इंग्रजी शिकली आणि यिद्दिश वाचणारे कमी होत गेले. १९८३ला दैनिकाचं साप्ताहिक झालं, १९९०ला इंग्रजी आवृत्ती निघाली आणि २०१९ला छपाईच बंद झाली. संपादिकेसह कित्येकांची नोकरी गेली. पण पेपर आहे. इंग्रजीतही आहे आणि यिद्दिशमध्येही, इंटरनेटवर, आणि मोठा आधार देणग्यांचा आहे.

यिद्दिश आवृत्ती बाजाराच्या हिशोबाने केव्हाच मेली असती. ती जगली कारण काही लोकांना ती जगावी असं वाटलं आणि त्यांनी खिशात हात घातला. आपल्या मराठीचं वेगळं काय आहे? इस्राएलमधलं आपलं 'मायबोली' आठवा. आपली नातवंडं इंग्रजी नाहीतर हिब्रू वाचतात. जाहिरातदार आपल्याकडे फिरकणार नाही आणि वर्गणीदार मोजके. उरते ती देणगी. तिच्यात धोका आहेच: मोठा देणगीदार नाराज होईल म्हणून एखादी बातमी दाबली जाऊ शकते. म्हणून एकाच्या हजार डॉलरपेक्षा शंभर जणांचे दहा-दहा डॉलर मला बरे वाटतात.

कागद गेल्याचं दुःख मलाही आहे. चहाबरोबर पेपरची घडी उलगडणं वेगळंच. पण मोतीबिंदूवाल्याला अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि फोन मोठ्याने वाचूनही दाखवतो, हे पेपरवाल्या पोऱ्याला कधी जमलं नव्हतं. इथे राहणाऱ्यांनी एक करावं. गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारावं; पुष्कळ ग्रंथालयं आपल्या कार्डावर मोठे पेपर घरबसल्या फुकट वाचू देतात. आणि 'आठवड्याला एक डॉलर' अशी वर्गणी दिसली तर ती किती महिन्यांची आहे आणि त्यानंतर क्रेडिट कार्डातून किती कापणार, हे नातवाकडून आधी वाचून घ्यावं.