आधी कान-डोळे बघा

शेगावपासून लोणारपर्यंत, आपल्या जिल्ह्यात घरोघरी हल्ली एक तक्रार कानावर येते: ‘आबा भ्रमिष्टासारखं करतात.’ विचारलं एक, उत्तर भलतंच. ‘गजानन विजय’चं पारायण सुटलं, पारावर जाणंही बंद. घरचे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होतात. पण आबांना ऐकूच येत नसेल तर? मोतीबिंदूने पोथीतली अक्षरं पुसट झाली असतील तर?

ऐकू न येणारा माणूस बैठकीत असतो, पण बोलण्यातून बाद होतो. तुटक शब्द जुळवण्यातच मेंदू थकतो. हळूहळू तो माणसंच टाळू लागतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण आटोक्यात ठेवता येण्याजोगे १४ घटक सांगितले. बहिरेपण त्यांत आधीपासून होतंच. उपचाराविना राहिलेली अधू दृष्टी नव्याने आली. श्रवणयंत्र लावलं की विसरभोळेपणा जातो, असं कुणी छातीठोक सांगितलं तर मात्र सावध राहा. २०२३ च्या अमेरिकी चाचणीत फायदा दिसला तो जास्त धोका असलेल्या ज्येष्ठांमध्येच.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी ३,००० रुपयांची तरतूद आहे. चांगल्या यंत्राला ते पुरत नाहीत, हे उघड आहे. शिवाय नवं यंत्र सुरुवातीला कर्कश वाटतं आणि आठवड्यात कपाटात जातं. तिथे घरच्यांनीच नेट धरायला हवा. पेरणीची घाई सुरू होण्याआधी एक दिवस काढा आणि आबांचे, आजीचे कान-डोळे तपासून आणा.