लष्करशहांचे पंचायत राज

राजस्थानातील नागौरचे नाव प्रशासकीय सेवेतील प्रत्येकाने परीक्षेपुरते तरी पाठ केलेले असते. २ ऑक्टोबर १९५९ रोजी पंडित नेहरूंनी तेथे पंचायत राज व्यवस्थेचे उद्घाटन केले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला सीमेपलीकडे पाकिस्तानातही स्थानिक शासनाचा एक आदेश निघाला होता, याची मात्र फारशी आठवण कोणी ठेवत नाही. तो काढणारे होते अयूब खान. सत्ता हाती घेतल्याला त्यांना त्या दिवशी बरोबर एक वर्ष पूर्ण झाले होते. त्या व्यवस्थेचे नाव होते 'बेसिक डेमोक्रसीज', अर्थात मूलभूत लोकशाही.

जिल्हा, जिल्हाधिकारी आणि खाली गावच्या महसुली दप्तरापर्यंतची उतरंड दोन्ही देशांना एकाच राज्यकर्त्यांकडून मिळालेली होती. तरीही या दोन रोपांची वाढ निराळी झाली. ती का, हा प्रश्न प्रशासक म्हणून मला महत्त्वाचा वाटतो.

लष्करी राजवटीचा परिणाम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बरखास्त झालेली संसद आणि तुरुंगातील पंतप्रधान येतात. ते दिसणारे घाव आहेत आणि त्यांवर कायद्याचा इलाज निदान करता येतो. झिया-उल-हक यांच्या काळात, १९८५ साली, राज्यघटनेत घुसवलेल्या एका कलमाने राष्ट्राध्यक्षांना राष्ट्रीय सभा विसर्जित करण्याचा अधिकार मिळाला. त्याच्या बळावर १९८८, १९९०, १९९३ आणि १९९६ अशी चार वेळा सरकारे घालवण्यात आली. २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीने हा अधिकार काढून टाकला. परंतु राजकारण्यांच्या मनात रुजलेला अविश्वास कोणत्या दुरुस्तीने काढावा?

हा अविश्वास स्थानिक शासनाविषयीचा आहे. अयूब खान यांच्या योजनेत दोन्ही पाकिस्तान मिळून ऐंशी हजार प्रतिनिधी निवडले गेले. त्यांनी गावचे रस्ते, शाळा, विहिरी पाहाव्यात असे सांगितले गेले. प्रत्यक्षात फेब्रुवारी १९६० मध्ये याच प्रतिनिधींना, अयूब खान यांच्यावर तुमचा विश्वास आहे काय, असे विचारण्यात आले आणि ९५ टक्क्यांहून अधिक जणांनी होकार दिला. १९६२ च्या राज्यघटनेने तर राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्क सर्वसामान्य मतदाराकडे न ठेवता या प्रतिनिधींकडेच दिला. जानेवारी १९६५ मध्ये फातिमा जिना यांचा पराभव याच मतदारांकडून झाला. विहिरीसाठी निवडलेला माणूस अशा रीतीने सिंहासनाचा खांब झाला. १९६९ मध्ये अयूब खान गेले आणि त्यांच्यामागोमाग ही व्यवस्थाही कोसळली.

पुढे तेच घडत राहिले. झुल्फिकार अली भुट्टो यांच्या निर्वाचित राजवटीत स्थानिक निवडणुका झाल्याच नाहीत. जुलै १९७७ मध्ये सत्तेवर आलेल्या झियांनी सार्वत्रिक निवडणुका १९८५ पर्यंत लांबवल्या, स्थानिक निवडणुका मात्र १९७९ मध्येच घेतल्या, आणि त्याही पक्षविरहित. पक्ष नाही म्हटल्यावर उमेदवाराजवळ उरते काय? जात, बिरादरी आणि पैसा. परवेझ मुशर्रफ यांनी १४ ऑगस्ट २००१ पासून जिल्हा सरकारे स्थापन केली. जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरचे पद जाऊन निर्वाचित नाझिमाच्या हाताखाली समन्वय अधिकारी आला, आणि स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या गेल्या.

कागदावर पाहता यातले पुष्कळ काही चांगले होते. पण तिन्ही वेळी हेतू एकच होता. प्रांतिक आणि राष्ट्रीय पक्षांना वळसा घालून थेट खाली आपली माणसे उभी करायची. त्यामुळे पक्षांच्या दृष्टीने गावची परिषद म्हणजे लष्कराची चौकी ठरली. २००८ नंतर प्रांतांत निर्वाचित सरकारे आली, स्थानिक परिषदांची मुदत संपली आणि त्यांच्या जागी अधिकारी बसवण्यात आले. राज्यघटनेचे १४०-अ कलम प्रांतांना स्थानिक शासन स्थापण्यास बजावते. तरीही पंजाब व सिंधमध्ये निवडणुका होण्यास २०१५ साल उजाडले, आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला तगादा लावावा लागला. २०१९ मध्ये पंजाबातील संस्था मुदतीपूर्वीच बरखास्त झाल्या. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली, तोवर मुदतीची थोडीच वर्षे नव्हे, थोडेच महिने शिल्लक होते.

केवळ लष्करावर दोष टाकून मोकळे होणे योग्य नव्हे. आपल्या मतदारसंघात दुसरा निर्वाचित माणूस उभा राहू नये असे कोणत्याही आमदाराला वाटतेच. लष्करी राजवटीने या स्वार्थाला तात्त्विक सबब पुरवली, एवढेच. स्थानिक निवडणुका टाळणारा नेता तेथे स्वतःला लोकशाहीचा रक्षक म्हणवू शकतो. ज्या राष्ट्रात लोकशाहीची पहिली पायरीच हुकूमशहाच्या नावावर नोंदलेली असते, तेथे वरचा मजला सदैव डळमळीत राहतो आणि त्याला टेकू देण्यास लष्कर पुन्हा तत्पर असते.

हे लिहिताना माझ्या मनात आत्मसंतोष नाही. आपल्याकडेही ७३ व ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात येईपर्यंत अनेक राज्यांत पंचायती वर्षानुवर्षे निवडणुकांविना होत्या. त्यानंतरही, मार्च २०२२ पासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ मुंबईसारख्या महानगरपालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्यासाठी कोणी रणगाडे आणले नव्हते.

एका विसर्जित नगरपालिकेचा प्रशासक म्हणून मीही काही काळ काम केलेले आहे. खरे सांगायचे तर ते दिवस सुखाचे होते. सभा नाही, गोंधळ नाही, सकाळी ठरवलेले संध्याकाळी निविदेला. एका वस्तीचा रस्ता मी विक्रमी वेळेत पूर्ण केला. पुढे तेथील एका माजी नगरसेविकेने शांतपणे मला सांगितले की, रस्ता उत्तम झाला, परंतु वस्तीची मागणी गटाराची होती. पहिल्या पावसात ते मला कळलेच.

झपाट्याने काम करणाऱ्याला विचारपूस हा अडथळा वाटू लागतो. अयूब खान यांच्यापाशी सैन्य होते आणि माझ्यापाशी केवळ एक शिक्का होता, पण मोह त्याच जातीचा होता. आपल्या सुदैवाने त्या शिक्क्याला मुदत होती. ती मुदत पाळली जाते की नाही, हे पाहण्याचे काम जसे न्यायालयाचे, तसेच मतदाराचे आणि आम्हा अधिकाऱ्यांचेही आहे.